बरणीतली प्रार्थना

मुलांच्या रविवारी, चर्चमधल्या पाठांतराच्या कार्यक्रमात, भिंगरी माईकसमोर उभी राहिली, मान खाली घातली, डोळे अर्धे मिटले आणि प्रभूची प्रार्थना म्हणू लागली. निदान तिचे ओठ तरी तसं सांगत होते. आवाज म्हणाल तर नावाला नाही.

माईकवाल्याची धांदल उडाली. त्याने एक बटण वर सरकवलं, दुसरं खाली ओढलं, तारेला हिसका दिला. माईक एकदा किंचाळला आणि पुन्हा गप्प झाला. "आवाज येत नाही," मागच्या बाकावरून कोणीतरी कळवलं, जशी काही ही बातमी माईकवाल्याला नवीनच होती. पण तिच्या आधीच्या मुलाने याच माईकवर दहा आज्ञा म्हटल्या होत्या आणि त्या रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत पोचल्या होत्या. माईक ठणठणीत होता. गप्प होती ती पोरगी.

आणि गप्प तरी धड कुठे? ओठ भराभर चालले होते. उजव्या हाताचा अंगठा फ्रॉकच्या पट्ट्यात खोचलेला. मध्येच मान वर करून तिने दाराकडे एक नजर टाकली, पुन्हा मान खाली, पुन्हा ओठ सुरू. मधल्या बाकांवर खसखस पिकली. पहिल्या बाकावर गायनमास्तर बसले होते. वय ब्याऐंशी, कान अजून तिखट आणि जीभ कानांहून तिखट. "देवाच्या घरात मस्करी!" ते म्हणाले, आणि त्यांना बोलायला माईक कधीच लागला नव्हता.

भिंगरीने शेवटी तोंड मोठं उघडून मिटलं, म्हणजे आमेन झालं, आणि पुढचा पडका दात दाखवत ती मंडळीकडे बघून हसली. आता टाळ्या पडतील अशी तिची खात्री होती. आधीच्या प्रत्येकाला पडल्या होत्या. चर्चच्या शाळेच्या बाईंनी दंडाला धरून तिला खाली उतरवलं.

दाराशी उभ्या असलेल्या आजोबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आजोबांचा धंदा काचेचा. खिडक्या, आरसे, दुकानांची कपाटं, जिथे काच तिथे आजोबा. आणि रविवारी ते मंडळीचे दारवाले. बावीस वर्षं झाली, एक रविवार चुकला नव्हता. दार वाजू द्यायचं नाही, उशिरा येणाऱ्याला डोळ्यांनीच दटावून मागे बसवायचं, आणि एखादं पोर चुळबुळलं की ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे असं बघायचं की पोराने आपल्या जन्माचाच फेरविचार करावा. मुलं त्यांना पाठीमागे चूपआजोबा म्हणत. आजोबांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

चर्चच्या मागच्या अंगाला, दाराला लागून, एक खोली होती. पंधरा वर्षांपूर्वी गायनमास्तरांनी कमिटीत हट्ट धरला की पोरांच्या रडारडीत गाणं बुडतं, उपासना म्हणजे काय बाजार आहे? तेव्हा ती सामानाची खोली रिकामी केली, मधली भिंत कमरेच्या वर फोडली आणि तिथे काच लावली. ती काच आजोबांनी स्वतःच्या हातांनी बसवली. दोन थर, मध्ये दोन बोटं हवा, कडेने रबर, वरून लाकडी पट्टी. आत नगारा वाजवला असता तरी बाहेर माशी उडाली नसती. असं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही, असं ते अजून म्हणत. आतल्यांना उपासना ऐकू यावी म्हणून छताशी एक छोटा स्पीकर होता. आठ वर्षांखालची, एका जागी न बसणारी मुलं तिथे जायची. आठ पुरी झाली की शब्बाथ शाळा, म्हणजे चर्चची रविवारची शाळा. खोलीचं नाव कागदोपत्री काही वेगळं होतं, पण अख्खी मंडळी तिला बरणी म्हणे.

आणि भिंगरी म्हणजे आजोबांची नात. वय वर्षं सहा. नावाप्रमाणे पायाला भिंगरी. पाच मिनिटं बाकावर बसली तर सहाव्या मिनिटाला बाकाखाली, सातव्याला कुणाच्या तरी पर्समध्ये. नातीला सूट दिली तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून आजोबा दर रविवारी पहिलं गाणं संपायच्या आत स्वतः तिचं बोट धरून तिला बरणीत नेऊन बसवत. मग बाहेर येऊन काचेला खांदा लावून आपल्या जागेवर उभे राहत. नियम म्हणजे नियम.

त्या रविवारी घरी कोणी धड जेवलं नाही.

"मस्करी म्हणे!" सून भांडी घासता घासता म्हणाली. ती दवाखान्यात परिचारिका होती, दिवसभर लोकांचं ओरडणं ऐकून घेणारी, पण आज तिच्या हातातली भांडी बोलत होती. "सहा वर्षांच्या पोरीला सगळ्यांदेखत! बाबा, तुम्ही तिथेच होतात. एक शब्द बोलला नाहीत."

"उपासना चालू होती," आजोबा म्हणाले.

"उपासना! बरणीत घाला, बाहेर काढा, परत घाला. पुरे झालं. आम्ही आता येणार नाही. रविवारी जरा झोप तरी होईल."

मुलगा बस चालवायचा. दिवसभर रस्त्यावर भोंगे वाजवून घरी आला की त्याला शांतता प्यारी. तो बायकोकडे बघेना, बापाकडेही बघेना. मग त्याने भिंगरीला जवळ ओढून विचारलं, "तुला प्रार्थना पाठ नव्हती का गं?"

"पाठ आहे."

"मग म्हटली का नाहीस?"

"म्हटली की!" भिंगरी हात झटकून म्हणाली. "पूर्ण म्हटली. आमेनपर्यंत."

आईला वाटलं होतं, शाळेच्या बाईंनी शिकवलं असेल. बाईंना वाटलं होतं, घरी शिकवलं असेल. त्यात बाई महिनाभर आजारी. सराव झाला तो एकदाच, दहा मुलांचा एकदम, आणि दहांच्या गलक्यात एकीचा आवाज कमी आहे हे कुणाला कळणार? इस्त्री करताना आईने विचारलं होतं, "येते ना?" तेव्हाही पोरीने ओठ भराभर हलवून दाखवले होते आणि आईला वाटलं होतं, मनातल्या मनात उजळणी चालली आहे. घरातली प्रार्थना तर तीन वर्षांपासून मनातल्या मनातच होती. आजी होती तोवर ती जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करायची, शेजाऱ्यांच्या आजारपणांची नावं घेऊन करायची. ती गेली, आणि तिच्या जागी कोणी तोंड उघडलं नाही. सगळे मान खाली घालायचे, एक मिनिट थांबायचे आणि जेवायला लागायचे.

संध्याकाळी भिंगरी आजोबांच्या खोलीत आली. दाराच्या कडीला लोंबकळत तिने विचारलं, "आजोबा, मी म्हटलं ते देवबापाला ऐकू आलं का?"

आजोबा चष्मा पुसत होते. ते पुसतच राहिले.

"तो पण हसला असेल," भिंगरी म्हणाली. कडी सोडून ती निघून गेली. रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी मान खाली घातली तेव्हा तिने घातली नाही. ती सरळ जेवायला लागली, आणि तिला कोणी काही म्हटलं नाही.

त्या आठवड्यात आजोबांचा पाय एका जागी ठरेना. इतकी वर्षं काच कापणारा माणूस, पण सोमवारी एका सलूनचा आरसा बिघडवला. काचेवर काप घालायची हिरकणी फिरवायची ती एकाच दमात, एकाच दाबाने, रेघ मध्ये थांबली की काच आपल्या मनाने फुटते. आजोबांची रेघ मध्ये थांबली. मंगळवारी माप चुकलं. एका बाईने दुकानात येऊन विचारलं, "काका, माझी फ्रेम झाली का?" तर ते म्हणाले, "तिला पाठ होती." बाई गोंधळून परत गेली.

सुनेचा राग त्यांना समजत होता. राग आज आहे, उद्या उतरेल. पण पोरीने मान खाली घातली नाही, ते काट्यासारखं रुतून बसलं होतं. आपल्यामागे या घरातून चर्चची पायरी कोण चढणार, हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला पडतोच. आजोबांना तो आजवर पडला नव्हता, कारण भिंगरी होती. ही पोरगी त्यांच्या बोटाला धरून उड्या मारत यायची. बरणीत जायचं असूनही यायची. आता ती रविवार हा शब्द निघाला की उठून जात होती.

बुधवारी दुपारी त्यांनी दुकान अर्ध्यावर बंद केलं आणि चर्चकडे गेले. काम होतं एका झरोक्याची काच बदलायचं, पण ते आधी बरणीत शिरले. पंधरा वर्षांत ते या खोलीत दहा मिनिटंही बसले नव्हते. मुलांना आत सोडायचं, दार ओढून घ्यायचं, एवढाच त्यांचा संबंध. आत चार बुटक्या खुर्च्या, तुटक्या खडूंचा डबा, एका चाकाने कमी असलेला लाकडी ट्रक. सवयीने दार ओढून घेऊन ते एका खुर्चीवर बसले. गुडघे हनुवटीला लागले. काचेतून समोर बघितलं तर बाकांच्या पाठीच पाठी. लोक असते तर लोकांच्याही पाठीच दिसल्या असत्या, आणि टोकाला, बोराएवढं, पाळकांचं डोकं.

तेवढ्यात पाळक खरंच आले. तरुण माणूस, दोनच वर्षांपूर्वी या मंडळीत आलेला. प्रवचन आधी रिकाम्या बाकांना ऐकवून बघायची त्यांची सवय होती. त्यांनी माईक लावला, कागद पसरले आणि हातवारे करत बोलू लागले. आजोबा कान देऊन बसले. तोंड उघडतंय, मिटतंय, हात वर जातोय, मूठ आपटतेय, आणि शब्द एक नाही. क्षणभर त्यांना वाटलं, आपले कानच गेले.

ते खुर्चीवर चढले. या वयात चढू नये अशी ती खुर्ची होती. स्पीकरच्या मागची तार हातात आली ती तुटलेलीच, आणि तुटलेल्या टोकावर भिंतीचा पिवळा रंग वाळून बसलेला. रंगकाम दोन वर्षांपूर्वी झालं होतं. रंगाऱ्याने तार कापली, वरून ब्रश फिरवला आणि तो पैसे घेऊन घरी गेला. म्हणजे दोन वर्षं या खोलीत एक अक्षर पोचलं नव्हतं.

आजोबा खाली उतरले आणि काचेवर तळहात ठेवून उभे राहिले. काय काम केलं होतं! पंधरा वर्षांत एक बुडबुडा नाही, एक फट नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या चांगल्या कामाची लाज वाटली.

घरी येऊन त्यांनी सुनेला विचारलं, "स्पीकर बंद आहे. तुम्ही बायका पाळीपाळीने आत बसता, कोणी सांगितलं का नाही?"

सुनेने खांदे उडवले. "आम्हाला वाटलं, ते तसंच असतं. मुलांना काय ऐकवायचंय, असंच ठरलं असेल."

मग ते भिंगरीपाशी गेले. ती उशीवर उभी राहून पलंगावरून उडी मारायच्या बेतात होती. "काय गं, बरणीत तुला प्रार्थना ऐकू येते?"

"ऐकू कशी येईल?" या म्हाताऱ्याला काहीच कळत नाही अशा सुरात ती म्हणाली. "प्रार्थना ऐकू येत नाही. दिसते." आणि तिने उडी मारली.

त्या उडीने खालच्या मजल्यावरच्यांनी छतावर ठोकलं, पण आजोबांना ते ऐकू गेलं नाही. पोरगी खोटं बोलत नव्हती, मस्करीही करत नव्हती. तिला जे शिकवलं गेलं तेच तिने केलं होतं, अगदी मन लावून केलं होतं, आणि दोनशे माणसं तिला हसली होती.

शुक्रवारी ते पाळकांना भेटले. पाळक कळवळून म्हणाले, "अरेरे! काका, स्पीकर लगेच दुरुस्त करून घेऊ."

"स्पीकर नको. काच काढतो."

पहिला बाक पाळकांच्या डोळ्यांसमोर आला असावा. "ते... कमिटीसमोर ठेवावं लागेल. पुढच्या महिन्यात बैठक आहे. मग एखादी पोटसमिती..."

"हो, ठेवा," आजोबा म्हणाले. कमिटीचं घोडं त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. ते निघतं, पण मुलं तोवर मिशा फुटून बरणीबाहेर येतात. दाराची किल्ली बावीस वर्षं त्यांच्याच खिशात होती.

शनिवारी सकाळी त्यांनी मुलाला हलवून उठवलं. "चल. एकट्याला उचलायची नाही."

"कुठे?" मुलाने विचारलं. पण हत्यारांची पेटी बघून त्याने चपला घातल्या. भिंगरी कोपऱ्यात ऐकत उभी होती. चर्चला येणार नाही, असं ती आठवडाभर म्हणत होती. "मी नाही येणार," ती आताही म्हणाली. मग आजोबांच्या हातातली काच धरायची रबरी पकड तिने पाहिली. काचेला लावायची, दांडा दाबायचा की चिकटते. "ती मला दाबायला द्याल?"

"देईन."

"मग बघायला येते. आत नाही येणार."

काच काढणं हे बसवण्यापेक्षा अवघड. आजोबांनी आधी लाकडी पट्ट्या सोडवल्या, खिळा न खिळा जपून. मग पातळ सुरीने रबर कापत कडेकडेने फिरले. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या पठ्ठ्याला त्यांनी मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या, एवढं घट्ट कशाला बसवायचं होतं? भिंगरीने दोन्ही पकडींचे दांडे दाबले, आणि तिसऱ्यांदा दाबायला मिळावेत म्हणून सोडवले सुद्धा. पहिला थर निघाला, मुलाने आणि आजोबांनी तो उचलून भिंतीला टेकवला. दुसरा थर निघाला तेव्हा मुलाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. बापलेकांत एवढ्या वेळात "तुमची बाजू वर घ्या" आणि "सावकाश" याखेरीज शब्द झाला नव्हता. तरी दोघांना बरं वाटत होतं.

भिंगरी बाहेरच्या बाकांत उभी होती. तिने त्या उघड्या चौकोनाकडे पाहिलं. मग आत धावत गेली, कठड्यावर पोट टेकून डोकं बाहेर काढलं आणि किंचाळली, "पप्पा!" तो आवाज समोरच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिच्याकडे परत आला. ती दचकली, मग खूश झाली. पुढची दहा मिनिटं तिने चर्चमधल्या यच्चयावत वस्तूंना हाका मारल्या. आजोबांचं बोट सवयीने ओठांकडे गेलं. ते त्यांनी खाली घेतलं आणि खिशात कोंबलं.

"उद्या येशील?" त्यांनी विचारलं.

भिंगरीने विचार केला. "तुम्ही तिथेच उभे राहणार ना? तुमच्या जागी?"

"तिथेच."

"बघते," ती आईसारखं म्हणाली.

रविवारी आजोबा नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच दाराशी येऊन उभे राहिले. लोक आत येत, मागे बघत, थांबत, एकमेकांच्या कानाला लागत. सून आली, पण हातातली पर्स घट्ट धरून, केव्हाही उठून जायच्या तयारीत. भिंगरी आली ती थेट बरणीत गेली आणि कठड्यावर कोपरं टेकून उभी राहिली.

आणि मग गोंधळ झाला. होणारच होता. पहिल्या गाण्यात एक तान्हं रडलं. वाचनाच्या वेळी तीन चाकांचा ट्रक फरशीवरून घरघरत गेला. "आई, शू!" हे शब्द प्रवचनाच्या नेमक्या अशा जागी आले की पाळकांना पुढचं वाक्य सापडेना. गायनमास्तर पहिल्या बाकावरून काठीवर जोर देत एकदा वळले, दोनदा वळले. तिसऱ्यांदा वळले तेव्हा त्यांची नजर पोरांवर नव्हती, आजोबांवर होती. आजोबांचं कपाळ घामाने भिजलं. एका बाकावरून दोघं उठून पुढे जाऊन बसली. झालं, आपण मंडळी फोडली, आजोबांना वाटलं. उद्या कमिटी बसेल आणि परवा किल्ली मागेल.

मग पाळक म्हणाले, "प्रभूची प्रार्थना म्हणू या." सगळे उठले. दोनशे गळ्यांतून प्रार्थना सुरू झाली.

भिंगरी खोलीतून बाहेर आली. तिला कोणी अडवलं नाही, अडवणारे स्वतः आजोबाच होते. ती आजोबांना चिकटून उभी राहिली. आजोबांनी तिरक्या नजरेने खाली पाहिलं. मान खाली. डोळे अर्धे मिटलेले. अंगठा फ्रॉकच्या पट्ट्यात. ओठ भराभर चाललेले, आवाज नाही. मध्येच तिने डोकं उचलून दाराकडे एक नजर टाकली, आणि पुन्हा मान खाली.

दाराकडे? दाराकडे हिला काय बघायचंय?

आजोबांचा स्वतःचा अंगठा त्यांच्या पट्ट्यात होता. ते स्वतः आत्ताच दाराकडे बघून मान खाली घालत होते, कोणी उशिरा तर येत नाही ना म्हणून, बावीस वर्षं बघत होते तसेच. आणि त्यांचे ओठ हलत होते. नुसतेच हलत होते.

बरणीतून सगळ्यांच्या पाठी दिसतात. तोंड दिसतं ते एकच, काचेला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाचं.

भिंगरीने वर पाहिलं. ती थोडी गोंधळली होती. "आजोबा," ती कुजबुजली, म्हणजे लहान मुलं कुजबुजतात तसं, चार बाकांना ऐकू जाईल असं, "सगळ्यांचा आवाज येतोय."

"हं."

"तुमचा नाही येत." मग तिला एकदम उलगडा झाला, आणि तिने त्यांचा हात धरला. "आपण दोघं असंच म्हणतो ना?"

आजोबा नऊ वर्षांचे होते तेव्हा गायनमास्तर सत्तावीसचे होते. नाताळची तालीम होती. मास्तरांनी पेटी थांबवली, रांगेतून कान लावत आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. फुटक्या मडक्यासारखा गळा आहे तुझा, ते सगळ्यांसमोर म्हणाले. तू नुसते ओठ हलव. पोराने नुसते ओठ हलवले. आधी गाण्यात, मग प्रार्थनेतही, मग ती सवयच झाली. देवाला मनातलं ऐकू येतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पंचावन्न वर्षं ते या चर्चमध्ये होते आणि या भिंतींनी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

आणि आता ही पोर अभिमानाने म्हणत होती, आपण दोघं असंच म्हणतो.

"नाही गं," आजोबा म्हणाले. "माझं चुकत होतं."

ते तिच्या शेजारी गुडघ्यावर बसले आणि त्यांनी प्रार्थना पहिल्या शब्दापासून सुरू केली. मोठ्याने. आवाज निघाला तो फाटका, खरखरीत, घोगरा. मास्तर काही अगदीच खोटं बोलले नव्हते. एक ओळ ते म्हणाले आणि थांबले. भिंगरीने ती ओळ त्यांच्यामागे म्हटली, आधी चाचरत, मग मोठ्याने. दुसरी ओळ. तिसरी ओळ.

तोवर मंडळी आमेनपर्यंत पोचली. दोनशे माणसांचं आमेन झालं, आणि शांततेत मागून त्या दोघांचे आवाज येत राहिले. ती दोघं अजून अर्ध्या वाटेवर होती. लोकांनी माना वळवल्या. सुनेने तोंडावर हात ठेवला. आजोबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. थांब, कोणीतरी आत सांगत होतं, सगळे बघतायत, नुसते ओठ हलव. त्यांनी पुढची ओळ आणखी मोठ्याने म्हटली.

पाळक कागद हातात धरून तसेच थांबले. गायनमास्तर काठीच्या आधाराने पूर्ण वळले आणि मागे बघत उभे राहिले. त्यांचे गुडघे थरथरत होते, पण ते बसले नाहीत. शेवटच्या आमेनआधी बसायचं नाही, हा नियम या मंडळीला त्यांनीच लावला होता. ते बसले नाहीत म्हणून कोणीच बसलं नाही. अख्खं चर्च एका काचवाल्यासाठी आणि एका पोरीसाठी ताटकळत उभं राहिलं.

"आमेन," आजोबा म्हणाले.

"आमेन!" भिंगरी म्हणाली. तो आवाज खिडक्यांतून बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून गेला.

मास्तर सावकाश खाली बसले. मग बाकी सगळे बसले. भिंगरी मात्र उभीच. तिने आजोबांच्या कानाशी तोंड नेलं आणि चार बाकांना ऐकू जाईल असं विचारलं, "आता आलं असेल ना देवबापाला ऐकू?"

"आलं."

"आणि मागच्या रविवारचं?"

आजोबांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

"ते तर तेव्हाच आलं होतं," ते आपल्या फुटक्या आवाजात म्हणाले, पार पहिल्या बाकापर्यंत पोचेल असं. "आम्हालाच आलं नव्हतं."